अर्धेलीची कुत्री

तळवटीत शेळी अर्धेलीनं देतात. शेळी एकाची, सांभाळायची दुसऱ्यानं, करडं झाली की निम्मीनिम्मी. गाय देतात, म्हैस देतात. एकानं कोंबडीसुद्धा दिली होती आणि अंड्यांच्या वाटणीवरून ती दोन घरं अजून एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण कुत्रं अर्धेलीनं द्यायची रीत गावात नव्हती. ती झुंबरनं आणली.

झुंबर हा चांगुणाचा धाकटा भाऊ. सातपूरला एका वर्कशॉपात लेथ चालवायचा. वर्कशॉपचे मालक रंगनाथशेठ, आणि शेठना शिकारीचा नाद. त्यांच्याकडं कारवानी जातीची कुत्री होती. लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली, उभी असली तरी पळतायत असं वाटणारी. शेजारीपाजारी कुरकुरायला लागले. शिवाय हरणाच्या शिकारीला कायद्यानं बंदी होऊन बरीच वर्षं लोटली होती. शेठनी त्यावर विचार केला आणि शिकार सोडण्याऐवजी एक पिल्लू हरणांच्याच मुलखात वाढवायला द्यायचं ठरवलं. झुंबर म्हणाला, आमच्या दाजींचं घर माळाच्या कडंलाच हाय.

दाजी म्हणजे सहादू. येवल्याच्या पुढं जो कोरडा मुलूख लागतो, तिथं मुरमाड माळाच्या पायथ्याला त्याचं काळं रान होतं. झुंबरनं एस.टी.तून कापडी पिशवीत घालून पिल्लू आणलं आणि शेठनी सांगितलेलं सगळं न चुकता म्हणून दाखवलं. सकाळी अंडं, दुपारी दुधात पाव, आठवड्याला मटण. रोज पळवायची. मोठी झाली की शेठ येतील, शिकार करतील, निम्मं मटण तुमचं. कुत्री शेठ नेतील आणि तिच्या पहिल्या विणीचं एक पिल्लू तुम्हाला.

घरातली अंडी बाजारला जात होती, त्यामुळं सकाळचा प्रश्न तिथंच मिटला. पाव गावात मिळत नव्हता. राहिलं दूध. त्याच आठवड्यात चांगुणाच्या चंद्री शेळीचं करडू मेलं होतं आणि ती पान्हा सोडत नव्हती. आचळाला कुणीतरी लागलं पाहिजे. चांगुणानं पिल्लू लावलं. चंद्रीनं वास घेतला, मान वळवून एकदा नीट बघितलं आणि देवानं दिलं ते आपलं म्हणून पान्हा सोडला.

शेठनी पिल्लाचं नाव रॉकेट ठेवलं होतं. चांगुणा तिला बयो म्हणायची.

बयो करडांत झोपायची, करडांबरोबर माळावर जायची. सहा महिन्यांत तिचे पाय बाभळीच्या शेंगेसारखे लांबले आणि ती पळायला लागली. पळण्यात तिला एकच काम ठाऊक होतं. शेळी दुसऱ्याच्या रानात शिरली की चांगुणा जागेवरूनच म्हणायची, बयो, वळव गं. बयो सुटायची, लांबून वळसा घ्यायची, शेळीच्या मांडीला खांदा लावायची आणि तिला कळपात आणून सोडायची. दात कधी लावायचे नाहीत. संध्याकाळी सगळी आत गेली की फाटकात आडवी पडायची. मग चांगुणा भाकरी आणि ताक आणायची.

झुंबर सुटीला आला की विचारायचा, पळते ना. सहादू सांगायचा, लय पळते. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी भाद्रपदात पावसानं झड लावली. पोळ्याला नुसती हुलकावणी देऊन गेलेला पाऊस एकदम आठवण झाल्यासारखा पडला. सहादूचा मठ, म्हणजे मटकीचं पीक, फुलात आला होता, आणि तो फुलात आल्याची बातमी माळावरच्या हरणांना सहादूच्या आधी लागली. सकाळी रानात गेलं की पट्टाच्या पट्टा खुडलेला. सहादूनं बोरीच्या काट्या तोडून आणल्या, कुपाटी घातली, हातांची चाळण करून घेतली. दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी कळप आला आणि लहान मूल उंबरा ओलांडतं तशी एकेक हरणी कुपाटी ओलांडून आत उतरली. शेवटी काळवीट आला. त्यानं कुपाटीकडं बघितलंसुद्धा नाही. सहादू डबा बडवत धावला तेव्हा तो सावकाश वळला आणि तोंडातलं चावून झाल्यावर गेला.

जंगलखात्याचा वॉचमन यादव सायकलवरून गावोगाव फिरायचा. सहादूनं त्याला रान दाखवलं. यादव हळहळला. म्हणाला, हाकला, पण जपून हाकला, दगड लागता कामा नये, ती सरकारची जनावरं हायेत. सहादूनं विचारलं, मग सरकार ती दाव्याला का बांधत नाही. यादवलाही ते पटलं. वर कळवतो म्हणून तो चहा पिऊन गेला.

सहादूनं मात्र झुंबरला निरोप धाडला, की शेठना म्हणावं, आता या.

शेठ जीपनं आले. बरोबर झुंबर आणि दोन कुत्री. दिवस कलायला लागला होता, पाऊस सकाळपासून उघडला होता. शेठनी पाणी मागितलं. चांगुणानं घासलेला तांब्या पुढं केला, तर शेठनी खिशातला रुमाल काढून त्याची कड पुसली, मग प्यायले. चांगुणा तांब्याकडं बघत राहिली.

मग त्यांनी बयोला बघितलं. तिचा जबडा उघडला, छातीवरून हात फिरवला, मांड्या दाबून पाहिल्या. बयोनं सगळं करू दिलं. शेळ्यांच्या बाजारात असंच करतात हे तिनं पाहिलेलं होतं. शेठ खूश झाले. खायला काय घालता, विचारलं. सहादूनं शेठचाच तक्ता सांगितला. शेठ झुंबरला म्हणाले, बघ, याला म्हणतात खुराक. आणि सहजच म्हणाले, की आजची शिकार झाली की हिला घेऊनच जाऊ.

चांगुणानं हातातलं दावं खाली ठेवलं. ठरलेलंच होतं ते. पण ठरलं तेव्हा ते पिशवीतलं पिल्लू होतं. तिनं सहादूकडं पाहिलं. सहादूनं रानाकडं पाहिलं. तिकडं खुडलेला मठ होता, आणि त्या मठाच्या बाजूनं बोलण्यासारखंही पुष्कळ होतं.

“नीट राहील ताई,” झुंबर म्हणाला. “शेठकडं कुत्र्यांना पंखा हाय.”

“तुला हाय का?” चांगुणानं विचारलं.

झुंबर जीप पुसायला गेला.

सहादूला बयोचा दोर हातात देऊन जीपच्या मागं कुत्र्यांबरोबर बसवलं. शेठच्या कुत्र्यांनी त्याला बराच वेळ हुंगलं आणि मग आपलं अंग चोरून घेतलं.

मुरमाच्या माळावर हरणाला कुत्रं धरू शकत नाही. हे हरणाला माहीत असतं, कुत्र्यालाही माहीत असतं. पण पाऊस पडून गेल्यावर काळं रान चिकट होतं. कुत्र्याच्या पंजाला चिखल लागतो आणि उडून जातो. हरणाच्या खुराच्या फटीत बसला की बसला. प्रत्येक पावलाला नवा थर चढतो आणि जे जनावर वाऱ्यावर चालतं, त्याच्या चारी पायांत कुणीतरी मातीची पायताणं घालावीत तसं होतं. म्हणून शिकारी कळपाला घाई न करता माळावरून खाली, काळ्या रानाकडं उतरवतात. सहादूनं रब्बीसाठी कुळवाची पाळी घालून ठेवलेलं मोकळं रान त्यासाठी फार चांगलं होतं. शेठनी तसं म्हटलंसुद्धा. सहादूला त्या रानाची कुणी केलेली ही पहिलीच स्तुती.

कळप माळाच्या उतारावर होता. जीप लांबून, अर्धवर्तुळ घेत गेली. हरणींनी माना वर केल्या. मग काळवीट पुढं आला. पाठ काळीभोर, पोट दुधासारखं, शिंगं पीळ देऊन उभी केलेली. तो जीपकडं बघत उभा राहिला. सहादूनं त्याला हजारदा पाहिला होता, पण तेव्हा हातात डबा असायचा. रिकाम्या हातानं त्यानं तो आज पाहिला.

शेठनी आपली दोन कुत्री सोडली.

कळप उधळला नाही, उडाला. एक हरणी वर गेली, ती खाली यायच्या आत दुसरी, तिच्यामागं तिसरी. जणू माळच खालून कुणी झटकत होतं. शेठची कुत्री एका हरणीमागं लागून ओढ्यापलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली. काळवीट मात्र कळपाच्या मागं राहिला, आडवा धावला, जीपला आपल्याकडं ओढून घेतलं आणि काळ्या रानात उतरला.

“सोड तिला,” शेठ म्हणाले.

सहादूनं दोर सोडला.

बयो जीपमधून खाली पडली असं त्याला वाटलं. पण ती खाली आलीच नाही. जमिनीला लागायच्या आधीच ती लांब झाली होती. अंग दुमडायचं, उलगडायचं, आणि दर उलगडण्याला एका सरीएवढं रान मागं पडायचं. मान अजिबात हलत नव्हती. ज्या कुत्रीला तो रोज कुडाला अंग घासताना बघायचा, ती ही नव्हे. किंवा हीच होती आणि आपण शेळ्यांमागं चालताना दिसतो तेवढाच तिचा भाग बघत आलो. सहादूचा हात दोर सोडल्यावर होता तसाच हवेत राहिला. शेठनी टोपी काढली. का काढली ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

काळवीट उसळला, पण उसळी अर्ध्यावर मोडली. पायांना माती चढली होती. पुन्हा उसळला. आणखी खाली. बयो त्याच्या बरोबरीला आली, आणि काही अंतर ती दोघं खांद्याला खांदा लावून धावली. एक काळं, एक पिवळं. खाली ओलं रान चमकत होतं आणि त्यात त्यांची उलटी सावली धावत होती.

मग शेठ ओरडले, “धर!”

बयोला हा शब्द माहीत नव्हता. त्या घरात तो कुणी तिला उद्देशून बोललेलाच नव्हता. तिनं तिला येत होतं ते केलं. लांबून वळसा घेतला, काळविटाच्या मांडीला खांदा लावला आणि त्याला वळवलं.

“काय करते ती?” शेठ म्हणाले.

“वळवते,” सहादू म्हणाला.

काळवीट डावीकडं निघाला, ती डावीकडं. उजवीकडं वळू बघितलं, तर ती तिथं आधीच. ताटावरची माशी वारावी तसा तिनं त्याला हलकेच बांधावर आणला, बांधावरून गाडीवाटेला लावला आणि गाडीवाटेनं गावाकडं घेऊन निघाली.

शेठनी जीप तिच्यामागं काळ्या रानात घातली. जीपच्याही चाकांना माती चढायला लागली. चाकं गोल होती ती चौकोनी झाली, मग फिरायचीच थांबली. शेठ उतरले ते पोटरीपर्यंत. त्यांनी सहादूला हुकूम केला, पळ, घरी जाऊन त्याला बांधून ठेव. सहादू पळाला.

चांगुणा शेळ्या आत घेत होती. दिवे लागायची वेळ. चंद्री आत गेली, करडं गेली, आणि त्यांच्यामागून काळवीट आला. मान खाली, तोंड उघडं, जीभ बाहेर. चारी पायांना मातीची मोठाली गाठोडी. त्यानं फाटकात एक पाऊल थांबून बघितलं. मागून बयोनं खांदा लावला. तो आत गेला. बयो फाटकात आडवी पडली आणि भाकरीची वाट बघायला लागली.

शेळ्या बाजूला सरकल्या. चंद्रीनं वास घेतला, मान वळवून एकदा नीट बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

सहादू धापा टाकत दोर घेऊन आला तेव्हा चांगुणा कुडाला टेकून उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिला कळलेलं नव्हतं. काळविटाच्या बरगड्या भात्यासारख्या चालत होत्या. प्रत्येक श्वासाला कातडीवरून एक लाट मानेपासून शेपटीपर्यंत जात होती. इतक्या जवळून त्याच्या डोळ्यांच्या पांढऱ्या कडा दिसत होत्या, पापण्यांचे केस दिसत होते. ज्यानं मठ खाल्ला तो हाच, हे सहादूनं स्वतःला सांगून बघितलं. ते खरं होतं, पण उपयोगाचं नव्हतं.

“त्याच्या पायाकडं बघा,” चांगुणा हळूच म्हणाली.

ती पुढं झाली. नुसत्या चालीनं, धार काढायला जाते तशी. डोक्याचं फडकं सोडून तिनं ते काळविटाच्या डोळ्यांवर टाकलं. तो एकदा थरथरला आणि उभा राहिला. सहादू दोर ठेवून खाली बसला, कुडात खोचलेलं खुरपं काढलं आणि पहिला पाय मांडीवर घेतला. बैलाचे खूर त्यानं आयुष्यभर साफ केले होते. हा पाय त्याच्या मनगटाएवढासुद्धा नव्हता, आणि त्यातून काळजाचे ठोके येत होते. त्यानं फटीतली माती बोटानं काढली, खुरप्याची धार लागू न देता. एक पाय झाला, मग दुसरा. दारात गाव जमलं होतं. त्यात मटणाच्या आशेनं पातेलं घेऊन आलेलेही होते. त्यांनी पातेली पाठीमागं धरली होती.

शेठ आले ते कमरेपर्यंत चिखलात. जीप चार माणसांनी ढकलून काढली होती. त्यांची कुत्री रिकाम्या तोंडानं परतून जीपमध्ये जिभा काढून पडली होती. शेठ म्हणाले, शाब्बास, सुरी आण.

चांगुणा फाटकाशी उभी राहिली. तिनं शांतपणे सांगितलं, की तळवटीत दिवे लागताना गोठ्यात आलेलं जनावर कुणी कापत नाही, हाकलतही नाही. ज्याचं असेल त्यानं यावं, माझं आहे म्हणावं आणि न्यावं. शेठनी गावाकडं पाहिलं. गाव मान हलवत होतं, रीत होतीच.

शेठ हसले. म्हणाले, हरणाला कुठला आलाय मालक.

त्याच वेळी यादव आला. जीपच्या चाकांचा माग चिखलात असा काही उमटला होता, की तो न दिसण्याची सोय त्याला राहिली नव्हती. सायकल धरून तो गर्दीच्या मागं थांबला. शेठकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं. शेठना तालुक्याला कोण ओळखतं हे त्याला माहीत होतं. मग त्यानं फाटकातून आत पाहिलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यानं हरणं लांबूनच पाहिली होती, निसटत, सायकलवरून. तो बघतच राहिला. सायकल त्याच्या हातून सुटून पडली, ती त्यानं उचलली नाही.

“माझं हाय,” यादव म्हणाला. आवाज इतका बारीक होता, की त्याला पुन्हा म्हणावं लागलं. “ते जनावर माझं हाय, शेठ.”

शेठनी खांदे उडवले. ठीक आहे, म्हणाले, तुमचं तुम्ही ठेवा, माझं मी नेतो. आणि बयोच्या गळ्यात दोर घातला.

यादवचा कायदा कुत्र्याला लागू नव्हता आणि अर्धेलीची रीत शेठच्या बाजूची होती. बयो उठली. चांगुणानं तिच्यामागं फाटक लावलं. शेळ्या आत होत्या, दिवसाचं काम झालं होतं. कुणी ओढतंय तर जावं, म्हणून ती गेली. झुंबरनं तिला उचलून जीपमध्ये ठेवली. तो बहिणीकडं बघत नव्हता. शेठनी जीप सुरू केली.

चांगुणानं फाटक उघडलं.

सताड उघडलं, आणि आत जाऊन काळविटाच्या डोळ्यांवरचं फडकं ओढून घेतलं. एक क्षण तो तसाच उभा. त्यानं एक पाय उचलून ठेवला, मग दुसरा. पायांत काही नव्हतं. मग तो जागेवरून उठला आणि फाटकातल्या माणसांच्या डोक्यांवरून गेला. वत्सलाबाई पाटलीण तिथं होत्या, त्या अजून सांगतात, की पोटाचा पांढरा उजेड तोंडावर पडला. शेळ्या भेदरून त्याच्यामागं बाहेर फुटल्या. चंद्री एकीकडं, करडं दहा दिशांना.

बयोनं ते जीपमधून पाहिलं. झुंबरच्या हातात दोर होता. त्यानं तो धरला नव्हता की त्याच्याकडून सुटला, हे त्याला कुणी विचारलं नाही. ती दोरासकट गेली. घराला एक वेढा घातला आणि करडं गोळा केली. ओढ्यापर्यंत जाऊन चंद्रीला आणली. सगळी फाटकात घातली. मग थांबली, नाक वर केलं आणि माळाकडं सुटली. तिच्या कळपातलं एक बाहेर होतं.

अजून उजेड होता. सगळं गाव माळाकडं तोंड करून उभं राहिलं. उतारावर तो दिसत होता, आता मुरमावर, मोकळ्या पायांनी. उठत होता आणि खाली यायचं विसरत होता. त्याच्यामागं ती. अंतर कमी होत नव्हतं आणि वाढतही नव्हतं. वर माथ्यावर एकदा दोघं आभाळाला लागलेली दिसली. मग नुसता माथा राहिला.

शेठनी जीप बंद केली होती. खाली उतरून ते बराच वेळ तिकडं बघत होते. अंधारायला लागलं तेव्हा झुंबरला म्हणाले, “असं पळणं तू कधी पाहिलं होतंस का रे?”

झुंबर नाही म्हणाला.

“मीही नाही,” शेठ म्हणाले. मग चांगुणाकडं न बघता त्यांनी सांगितलं, की आली तर तुमची, माझा वाटा सोडला. तिला मी काही शिकवावं असं उरलेलं नाही. जीप गेली. यादवनं सायकल उचलली, तिचा वाकडा झालेला हँडल दोन गुडघ्यांत धरून सरळ केला आणि तोही निघाला. लोक पांगले.

चांगुणा फाटकातून हलली नाही. सहादूनं कंदील लावून आणला आणि तिच्याशेजारी बसला. मठ उद्यापासून पुन्हा जाणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बयो आली तेव्हा तिचा आवाजसुद्धा झाला नाही. कंदिलाच्या उजेडात आधी दोर आला, मग ती. पंजे मुरमानं सोलले होते. कान पाडलेले, शेपूट पोटाखाली. जन्मात पहिल्यांदा ती कळप पुरा न करता घरी आली होती. चांगुणानं तिला मिठीत घेतलं, दोर काढला, पंजांना हळद-तेल लावलं, भाकरी ताकात कुस्करून पुढं ठेवली. बयोनं भाकरीला तोंड लावलं नाही.

“अगं, ते आपलं नव्हतं,” चांगुणा तिला समजावत राहिली. “सगळी आली बयो. सगळी आत हायेत.”

सहादूनं उठून फाटक लावायला घेतलं, तर लागेना. बयो मधोमध आडवी पडली होती, तोंड माळाकडं करून. तिच्या हिशेबानं अजून एक यायचं राहिलं होतं.